उजवीकडे शून्य

काकांच्या खालच्या कवळीने त्या आठवड्यात अगदी उच्छाद मांडला होता. म्हणून ते दातांच्या डॉक्टरांकडे गेले आणि रविवारी विमानात बसायचं ठरवून परत आले. काकूंनी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि चष्म्याच्या वरून त्यांच्याकडे पाहिलं.

"आणि कवळीचं काय झालं?"

कवळीचं काय झालं हे काकांच्या लक्षातच नव्हतं. ती कागदात गुंडाळलेली खिशात तशीच होती.

"डॉक्टर कवळीबद्दल सांगत असतील, तेव्हा तुम्ही डावीकडे बघत असाल," काकू म्हणाल्या आणि पुन्हा वर्तमानपत्रात शिरल्या.

हे वाक्य त्या घरात बेचाळीस वर्षं नांदत होतं. दूध उतू गेलं, बस चुकली, मुलीच्या शाळेच्या समारंभात काका भलत्याच मुलीसाठी टाळ्या वाजवत बसले, कारण एकच. काका डावीकडे बघत होते. मुलगी लहान असताना तिला वाटायचं की बाबांच्या मानेतच काहीतरी दोष आहे. काका मात्र या वाक्यावर कधी चिडले नाहीत. चिडायचा हक्क आपण केव्हाच गमावलाय हे त्यांना ठाऊक होतं, आणि तो का गमावला हे जगात आपल्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही, अशी त्यांची समजूत होती.

आता विमानाचं सांगायला हवं. त्या दातांच्या डॉक्टरांना सगळा परिसर कॅप्टन म्हणायचा. खरं विमान त्यांनी जन्मात चालवलं नव्हतं, पण दवाखान्याच्या मागच्या खोलीत त्यांनी संगणकावरचा फ्लाइट सिम्युलेटर असा काही उभा केला होता की आत शिरलेला माणूस नकळत पट्टा शोधायचा. भंगारातल्या गाडीच्या चार सीट, समोर तीन मोठे पडदे, मागच्या दोन सीटांना डावीउजवीकडे एकेक पडदा, पायाशी पेडल, आणि दाताच्या खुर्चीचा जुना दिवा छताला. रविवारी सकाळी पंधरावीस हौशी मंडळी घडीच्या खुर्च्या मांडून मागे बसायची आणि कॅप्टन त्यांना जगभर फिरवून आणायचे. उतरताना धक्का बसला तर दोष कायम वाऱ्याचा असायचा.

या वेळी त्यांनी मोठा घाट घातला होता. आफ्रिकेतल्या जंगलांवरून आणि माळांवरून अकरा टप्प्यांची सहल. प्रत्येक टप्प्यावर खाली काय दिसतंय ते सांगायचं, आणि तिथले प्राणी कसे संपत आले, कुणी कसे वाचवले, तो इतिहास वाचून दाखवायचा. हे सगळं ते काकांच्या तोंडात आरसा घालून सांगत होते. काका आ वासून छताकडे बघत होते आणि त्याच अवस्थेत त्यांनी घशातून काहीतरी आवाज काढला. कॅप्टननी आरसा बाहेर काढला.

"काय म्हणालात?"

"आम्ही मोजायचो म्हटलं," काका म्हणाले. "ते प्राणी. मी आणि ही. विमानातून."

कॅप्टन स्टुलावर बसलेच. इतकी वर्षं हा माणूस आपल्याकडे दात दाखवायला येतो आणि हे आज सांगतो, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर होता. कवळी विसरली गेली ती त्या क्षणी.

गोष्ट खरीच होती. तरुणपणी नोकरीच्या निमित्ताने काका आफ्रिकेत गेले आणि एका मोठ्या अभयारण्यात हवाई मोजणीच्या कामाला लागले. छोटं विमान, पुढे पायलट आणि उंची टिपणारा माणूस, मागे दोन निरीक्षक, एक डावीकडे, एक उजवीकडे. पंखाच्या टेकूला दोन काठ्या बांधलेल्या असायच्या. जमिनीपासून तीनशे फुटांवरून सरळ रेषेत उडायचं आणि त्या दोन काठ्यांच्या मधल्या पट्ट्यात जे जनावर येईल तेवढंच मोजायचं. काठीच्या बाहेर सिंह नाचत असला तरी तो आपला नाही. आकडा टेपरेकॉर्डरमध्ये बोलायचा आणि गप्प बसायचं. उजवीकडच्या निरीक्षकाला विमान लागायचं, सारखं लागायचं. मग एक दिवस त्याच्या जागी तिथल्या शाळेत गणित शिकवणारी एक बाई आली. तिला विमान लागत नव्हतं आणि तिची नजर घारीची होती. वर्षभरात काकांनी तिच्याशी लग्न केलं. संसाराची पहिली पाच वर्षं आम्ही एकमेकांकडे पाठ करून बसलो, असं काका कौतुकाने सांगत.

कामाचा नियम एकच होता आणि तो फार कडक होता. आपल्याच बाजूला बघायचं. डाव्याने उजवीकडे बघितलं की तेवढा वेळ डावी बाजू कुणीच बघत नाही, म्हणून त्या रांगेची त्याची मोजणी बाद. त्यामुळे दोघांनी ते अख्खं रान अर्धं अर्धंच पाहिलं होतं. विमानात घरातलं नातंही चालत नसे. घरी काकू रीतसर 'अहो' म्हणायच्या, पण कानाला हेडफोन लागले की 'अहो'ला वेळ नव्हता. तिथे ते 'डावे' होते आणि त्या 'उजव्या'. डावे, पाणी द्या. उजव्या, पेन्सिल पडली.

गुरुवारी संध्याकाळी कॅप्टन कागदांचा गठ्ठा घेऊन घरी आले. जुने अहवाल कुठून कुठून मिळवून त्यांनी निवेदन लिहून काढलं होतं, आणि ते या दोघांना वाचून दाखवायचा त्यांना फार उत्साह होता. काकूंनी चहा ठेवला, बिस्किटं काढली. किलिमांजारोचं बर्फ झालं, मोठ्या ज्वालामुखीच्या वाडग्यासारख्या दरीतले गेंडे झाले. काकू मधूनमधून दुरुस्ती सांगत होत्या आणि कॅप्टन शाळकरी पोरासारखे लिहून घेत होते. मग सातवा टप्पा आला. ती नदी. ते वर्ष.

"'हस्तिदंतासाठी हत्तींची कत्तल वाढत होती,'" कॅप्टन वाचू लागले. "'मात्र त्या वर्षी नदीच्या उजव्या काठाची मोजणी निरीक्षकाच्या दुर्लक्षामुळे विश्वासार्ह ठरली नाही व ती वगळण्यात आली.'" त्यांनी मान वर केली. "हे अहवालात जसंच्या तसं आहे. कोण होता हा निरीक्षक कुणास ठाऊक. झोपा काढत असणार."

काकांच्या हातातला कप बशीवर वाजला.

"बिस्किटं घ्या ना," काकू म्हणाल्या.

कॅप्टननी दोन बिस्किटं घेतली, आठवा टप्पा वाचला, अकरावाही वाचला आणि खुशीत गेले. काकूंनी कप विसळले. काका स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"सांगायचं ना त्याला," ते म्हणाले.

"काय सांगायचं? छापलेलं आहे. वाचू दे."

"वीस माणसांसमोर वाचणार तो. आणि तू तिथेच बसलेली असशील."

"मग? कुणाला कळतंय ती मी म्हणून." काकूंनी नळ बंद केला. "आणि तुम्ही काय सांगणार? तुम्ही डावीकडे बघत होतात."

बेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच या वाक्यात थट्टा नव्हती. काका बाहेरच्या खोलीत येऊन बसले आणि टीव्ही न लावताच त्याच्याकडे बघत राहिले.

त्या दिवशी असं झालं होतं. सकाळची वेळ, विमान नदीच्या वरून दक्षिणेला चाललं होतं. डाव्या काठावर हत्तीच हत्ती होते. काकांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. चौदा, नऊ, बावीस. उजवीकडून मात्र एकच शब्द येत होता. शून्य. परत शून्य. मग उजवीकडचा आवाजच थांबला. काकांना वाटलं हिला काहीतरी झालं, चक्कर आली. आणि नियम, नोकरी, सगळं विसरून त्यांनी मान वळवली. काकू ताठ बसल्या होत्या. डोळे काठ्यांच्या मधोमध होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं. त्यांच्या खिडकीबाहेरचा पट्टा काकांनी पाहिला. गवत, झाडं, पाणवठा. एवढ्या मोठ्या काठावर एक हत्ती नव्हता, एक हरीण नव्हतं. खाली झाडांवर गिधाडं तेवढी बसली होती. काकूंनी घसा साफ केला आणि टेपमध्ये म्हणाल्या, "शून्य." काकांनी मान पुन्हा डावीकडे घेतली. सगळं मिळून दहा सेकंदसुद्धा झाले नसतील.

कचेरीत मोठे साहेब आकडे बघून भडकले. एकाच नदीच्या एका काठावर दोनशे बारा आणि दुसऱ्यावर शून्य, हे कसं शक्य आहे? बाई झोपल्या होत्या, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. काकू म्हणाल्या, मी जागी होते. साहेबांनी काकांना विचारलं, "तुम्ही शेजारी होतात. तुम्ही सांगा." काकांची नोकरी पक्की झाल्याचं पत्र त्याच आठवड्यात यायचं होतं. खरं बोलावं तर नियम मोडला हे कबूल करावं लागणार, आपली मोजणीही बाद होणार आणि पत्रही येणार नाही. काका खाली मान घालून म्हणाले, "मी डावीकडे बघत होतो, साहेब."

पत्र आलं. काकूंना विमानातून उतरवून फोटोंमधले कळप मोजायच्या टेबलावर बसवलं गेलं आणि त्या पुन्हा कधी विमानात चढल्या नाहीत. दोन वर्षांनी पायी गस्तीवाल्यांना उजव्या काठावर दात कापून नेलेल्या कवट्या सापडल्या, रांगेने. उरलेले हत्ती जीव मुठीत धरून नदी ओलांडून गेले होते, म्हणून डावीकडे एवढी गर्दी होती. काकूंच्या शून्यावर कुणी वेळीच विश्वास ठेवला असता, तर पहारा दोन वर्षं आधी बसला असता. पण जुना अहवाल दुरुस्त करायची तसदी कुणी घेतली नाही. काकांनीही नाही. आधी भीती होती, मग लाज होती, आणि मग इतका उशीर झाला की बोलायला तोंडच राहिलं नाही. एरवी काकूंसाठी खोकल्याची गोळीसुद्धा स्वतः जाऊन आणणारा हा माणूस त्या एका वाक्यापुढे बेचाळीस वर्षं भेकड राहिला, आणि ते त्याला आतून खात राहिलं.

रविवारी काकूंनी ठेवणीतली निळी शाल घेतली. दवाखान्याच्या मागच्या खोलीत पोचल्यावर त्या थेट मागच्या उजव्या सीटवर बसल्या आणि बाजूच्या पडद्याकडे बघून म्हणाल्या, "काठ्या कुठेत?"

कॅप्टनना कळेना. काकांनी समजावून सांगितलं. मग दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी आली आणि नव्याकोऱ्या पडद्यावर दोन पट्ट्या चिकटवायच्या ठरल्या. कॅप्टनच्या जिवावर आलं, पण पाहुण्यांना नाही कसं म्हणायचं.

"वरची थोडी खाली घ्या," काकू एक डोळा मिटून सांगत होत्या. "फार झालं. अर्धं बोट वर. हां, आता कुणी हात लावू नका."

काकांच्या पडद्यावरही तशाच पट्ट्या लागल्या. मागे मंडळी बसली, दिवा मालवला गेला, इंजिनाचा आवाज सुरू झाला. काका डावीकडे बघू लागले. खरं तर ते चित्रच होतं, पण तीनशे फुटांवरून खालचं पिवळं गवत सरकायला लागलं तशी त्यांची पाठ आपोआप ताठ झाली. सेरेंगेटीच्या माळावर प्रोग्रॅमवाल्यांनी विल्डबीस्टचे, तिथल्या मोठ्या काळपट हरणांचे, कळप सोडले होते. कॅप्टन माइकवर सांगत होते की गुरांमधली बुळकांडीची साथ आटोक्यात आली आणि त्यांच्याकडून ती लागून मरणारे हे कळप काही वर्षांत कितीतरी पटींनी वाढले. काका ओठातल्या ओठात मोजत होते. पाठीमागे, अगदी जवळ, दुसरं कुणीतरी तसंच पुटपुटत होतं. हा आवाज आपल्याला किती आठवत होता, हे काकांना तेव्हा कळलं.

सातव्या टप्प्याला नदी आली. डावीकडच्या पडद्यावर पाणवठ्याशी हत्ती होते, एक पिल्लूसुद्धा. कॅप्टननी पान उलटलं.

"'मात्र त्या वर्षी नदीच्या उजव्या काठाची मोजणी...'"

"विमान थांबवा," काका म्हणाले.

"काका, हवेत विमान थांबवता येत नाही," कॅप्टन सवयीने म्हणाले. मग त्यांच्याच लक्षात आलं. "म्हणजे, इथे येतं." त्यांनी एक बटण दाबलं. इंजिन गप्प झालं. खालची नदी जागच्या जागी थबकली.

काका उठले. त्यांनी सीटची पाठ धरली. मधल्या अरुंद जागेतून वळून ते काकूंच्या मागे आले आणि वाकून, त्यांच्या डोक्याशेजारी डोकं आणून, उजव्या पडद्यावरच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये पाहिलं. इकडे प्रोग्रॅमवाल्यांनी काहीच ठेवलेलं नव्हतं. गवत होतं, झाडं होती, झाडांच्या सावल्या होत्या.

"उजवीकडे शून्य," काका म्हणाले. "आज पण आणि त्या दिवशी पण. ज्या निरीक्षकाबद्दल हे छापलंय, ती ही आहे. ती झोपली नव्हती. मी वळून बघितलं होतं. ती रडत होती आणि मोजत होती. आणि खाली काही नव्हतं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. कचेरीत मला विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. नोकरीसाठी. तिचा शब्द खरा होता आणि मी तो पडू दिला."

कॅप्टननी हातातला कागद उलटा करून मांडीवर ठेवला. झोपा काढत असणार, हे आपलेच शब्द त्यांना आठवले असावेत. काका काकूंच्या चेहऱ्याकडे बघायला धजले नाहीत. काकूंचे डोळे पडद्यावरच होते, दोन पट्ट्यांच्या मध्ये.

"मला माहीत आहे," काकू म्हणाल्या.

"काय माहीत आहे?"

"तुम्ही बघितलंत ते. ऊन तुमच्या बाजूने येत होतं. माझ्या काचेत तुमची पांढरी टोपी वळली. मी मनात म्हटलं, बरं झालं, एक साक्षीदार मिळाला."

काकांना खाली बसायचं होतं, पण बसायला जागा नव्हती. त्या कचेरीत, साहेबांच्या टेबलापुढे, ही आपल्या शेजारी कशाची वाट बघत उभी होती, ते त्यांना आता समजलं.

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"रोज तर बोलत होते," काकू म्हणाल्या.

काकांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही. दूध, बस, शाळेतल्या टाळ्या, परवाची कवळी, सगळं एकदम आठवलं. प्रत्येक वेळी तिने दार किलकिलं केलं होतं आणि प्रत्येक वेळी ते हसून पुढे निघून गेले होते. काकूंनी न बघताच हात मागे नेला आणि खांद्यावरचा त्यांचा हात दोनदा थोपटला. मग तसाच धरून ठेवला.

थोड्या वेळाने कॅप्टन खाकरले. "काकू, मी काय लिहू इथे?"

"ते वाक्य खोडा. लिहा, उजव्या काठावर शून्य. निरीक्षक जागी होती." काकूंनी शाल सावरली. "आणि साक्षीदार म्हणून यांचं लिहा. डावा निरीक्षक. उशिरा मिळाला, असंही लिहा."

मागच्या खुर्च्यांवर कुणीतरी हसलं आणि कुणीतरी नाक शिंकरलं. कॅप्टननी माइक खाली ठेवून ते सगळं नीट लिहून घेतलं, मग स्वतःशीच एकदा वाचून पाहिलं आणि बटणाकडे हात नेला. इंजिन पुन्हा सुरू झालं. नदी हलली. काका मात्र तिथेच वाकून उभे होते, काकूंच्या खांद्यावर हात ठेवून, उजवीकडचं गवत बघत. अर्ध्या आयुष्यात न पाहिलेली बाजू त्यांना एकदा डोळे भरून पाहायची होती.

काकूंनी त्यांना तेवढं बघू दिलं. मग त्यांचा हात हलकेच सोडला.

"डावे, जागेवर जा," त्या म्हणाल्या. "तुमच्या बाजूला कुणी नाहीये."